कप कुठल्या शब्दावर ठेवला

एनिड क्रॅबट्रीचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नसे आणि चुकलं तर देशभरातले निवृत्त मास्तर पत्रं लिहीत. टीव्ही मालिकेतल्या इन्स्पेक्टर टॉलरच्या डाव्या हातातला चष्मा पुढच्या क्षणी उजव्या हातात कसा गेला, आम्ही काय आंधळे आहोत का, वगैरे. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याच्या पायाशी घडीच्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात टोक काढलेली पेन्सिल, आणि नट कुठल्या शब्दावर काय करतो ते लिहून घ्यायचं. 'चावी' म्हणताना कप उचलला, 'खिडकी' म्हणताना ठेवला. तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने पुन्हा घेताना कप त्याच शब्दावर उचलला गेला पाहिजे, नाहीतर दोन तुकडे एकमेकांना जोडता येत नाहीत. याला कंटिन्युइटी म्हणतात. एनिडने ते एकतीस वर्षं केलं, आणि त्यातली बावीस एकाच माणसाचा कप बघण्यात घालवली.

तो माणूस म्हणजे रेज होल्गेट. बर्नली या गिरण्यांच्या गावातल्या बस कंडक्टरचा मुलगा, आता चौऱ्याहत्तर वर्षांचा. वयाची पहिली पन्नास वर्षं त्याला कुणी ओळखत नव्हतं. तरुणपणी तो गावोगावच्या नाटक मंडळ्यांत होता. तिथे दर सोमवारी नवं नाटक उभं राही. संध्याकाळी एक खेळायचं, सकाळी दुसऱ्याच्या तालमी करायच्या. मग टीव्हीवर वेटर, पाद्री, तिसऱ्या प्रसंगात मरणारा माळी. बावन्नाव्या वर्षी, ठरलेला नट ऐनवेळी आजारी पडला म्हणून, त्याला टॉलरची भूमिका मिळाली. सहा भागांपुरता घेतलेला माणूस सत्तर भाग झाले तरी हलला नाही. एकदा हरवलेल्या कुत्र्याची तक्रार द्यायला तो बायकोबरोबर प्रेस्टनच्या पोलीस ठाण्यात गेला, तर आतला खराखुरा सार्जंट खुर्चीवरून उठून ताठ उभा राहिला. सेटवरही सगळे त्याला साहेबच म्हणत. नावाने हाक मारणारी एकटी एनिड.

टॉलर कधी आवाज चढवत नसे. शेवटच्या प्रसंगात सगळे संशयित दिवाणखान्यात बसलेले असत, तो चहाचा कप हातात घेऊन बोलत राही, आणि कप बशीत ठेवला की समजायचं, खुनी सापडला. त्या एका टक् आवाजासाठी लोक ताटं मांडीवर घेऊन बसत. बाकीच्यांना त्या आवाजाचं कौतुक होतं. एनिड थक्क व्हायची ती वेगळ्याच गोष्टीने. आठ वेळा घ्या, दहा वेळा घ्या, रेज कप त्याच शब्दावर उचलायचा आणि त्याच शब्दावर ठेवायचा. एका अक्षराची चूक नाही. बाकीच्या नटांना ती जाऊन सांगायची, 'बाळा, तू मघाशी रुमाल आधी काढला होतास.' रेजला बावीस वर्षांत तिने असं एकदाही सांगितलं नव्हतं.

असं कसं जमतं, हे तिने एकदा विचारलं होतं. "माझे शब्द डोक्यात नसतात, पोरी, हातात असतात," तो म्हणाला होता. "आईकडून आलंय." मग तिला पुढचं सांगावं लागलं नाही, कारण तिची आईही बर्नलीच्याच कापडगिरणीत मागावर उभी असायची. मागांच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसे. बायका तोंड मोठं करून, आवाज न काढता ओठांनी बोलत आणि उरलेलं हातांनी सांगत. कोण कुणाबरोबर पळून गेलं, रात्री जेवायला काय, सगळं. अंगठा पहिल्या बोटावर घासला की अर्थ असा: धागा तुटलाय, जोडतेय, थांब जरा. रेज आणि एनिड दोघंही ही भाषा घरात शिकले होते, आणि सेटवर जनरेटर धडधडत असला की पटांगणाच्या या टोकावरून त्या टोकाला तिच्यातच लोकांची टर उडवत.

त्या जानेवारीत कप भटकायला लागला. आधी एका शब्दाने, मग अख्ख्या वाक्याने. एनिडने प्रामाणिकपणे लिहून घेतलं, कारण न लिहिणं तिच्या रक्तातच नव्हतं. एक दिवस तिने घरी जाऊन ही पानं जुन्या पानांशी ताडून पाहिली. सत्तर भागांच्या वह्या तिच्या घरी फळीवर होत्या आणि या माणसाच्या हातांना काय झालंय ते तिला कळलं होतं, डॉक्टरच्या आधी, कदाचित त्याच्या बायकोच्याही आधी. ती कुणाला काही बोलली नाही.

मार्चमध्ये क्लिदरोजवळच्या एका जुन्या बंगल्यात मालिकेचा शेवटचा भाग चालू होता. शूटिंगच्या माणसांनी बसून जेवायची दुमजली बस मागच्या अंगणात उभी होती, बाहेर बारीक पाऊस. रेज तिथे एनिडच्या समोर येऊन बसला आणि ब्राऊन सॉसची बाटली उलटी धरून मागून थापट्या मारू लागला.

"तुझ्या वहीत काय आहे ते मला ठाऊक आहे, पोरी."

"त्रेसष्ट वर्षांच्या बाईला पोरी म्हणतोस. वहीत तुझा कप आहे. आणखी काय असणार?"

"तेच म्हणतोय मी." सॉस पडला तो बेकनवर कमी आणि बाहीवर जास्त.

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो. म्हणाला, आज वार कोणता? मी म्हटलं, ते राहू द्या, आधी तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी सहाला कुठे होता ते सांगा." त्याने बाही पुसली. "हसला बिचारा. मी उत्तर दिलं नाही तेव्हा मात्र हसायचा थांबला."

एनिडने पाव खाली ठेवला. तिला रडू आलं असतं, पण शेजारच्या टेबलावर वायरमन बसले होते.

"ज्युलियनला कळलंय," रेज म्हणाला. ज्युलियन म्हणजे दिग्दर्शक. "चांगला मुलगा आहे. म्हणतो, साहेब, साडेचार पानांचं भाषण आहे, आपण एकदा घेऊ. एकदा जरी ओळ विचारावी लागली, तर अर्धं तुमच्या हाताखालच्या सार्जंटच्या तोंडी देऊ. कुणाला कळणार नाही."

"मग?"

"मला कळेल ना. बावीस वर्षांनी टॉलर आपला खुनी दुसऱ्याकडून पकडून घेणार." त्याने बाटलीचं झाकण लावलं. "एक सांगू? मी अडकलो तर ओठ हलवू नकोस. तुला मोह होईल, मी ओळखतो तुला. अर्धं भाषण तुझ्या तोंडून उचलायचं असेल तर ते सार्जंटलाच दिलेलं बरं."

"नाही हलवणार," एनिड म्हणाली.

दुपारी तीनला सगळे दिवाणखान्यात जमले. घराची मालकीण पाचला परत येणार होती आणि उजेडही फार टिकणार नव्हता, म्हणून ज्युलियनने दोन कॅमेरे लावले होते, एक टॉलरवर, एक संशयितांवर. सात खुर्च्यांवर सात जण. डावीकडून पाचवी टॅम्सिन नावाची चोवीस वर्षांची मुलगी, पहिलंच मोठं काम. मेलेल्या म्हाताऱ्याची सेक्रेटरी कॉन्स्टन्स पील हिची भूमिका ती करत होती, आणि खून तिनेच केलेला होता. सकाळपासून ती आपलं रडण्याचं वाक्य पुटपुटत फिरत होती. टॉलरने तिचं नाव घेतलं, की मग तिने कोसळायचं होतं.

रेजने कप घेतला आणि सुरू झाला.

पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. एनिडची पेन्सिल चालत होती. 'बाग' म्हणताना खिडकीकडे वळला. 'चावी' म्हणताना कप उचलला. तिसऱ्या पानावर तो इतका मोकळा बोलत होता, की ज्युलियनने शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला. चौथं पान. आता फक्त दुधाच्या बाटलीचा पुरावा, मग नाव, मग कप.

"दुधाची बाटली दोनदा उघडली गेली," टॉलर म्हणाला. "आणि ती उघडणारी व्यक्ती याच खोलीत आहे. त्या व्यक्तीचं नाव..."

तो थांबला.

दोन सेकंद थांबणं टॉलरची जुनी सवय होती. तीन झाले, चार झाले. एनिडने वर पाहिलं. बावीस वर्षं त्या डोळ्यांवर कॅमेरा असायचा आणि तिची नजर हातांवर, पण आता तिने डोळे पाहिले. ते रिकामे होते. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या इन्स्पेक्टरला खुन्याचं नाव आठवत नव्हतं.

दिलेला शब्द तिने मोडला. पेन्सिल मांडीवर ठेवली, तोंड मोठं केलं, 'पील' म्हणण्यासाठी ओठ मिटले. आणि तेवढ्यात तिला त्याचा हात दिसला. कोटाच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा खाली सोडलेला, आणि अंगठा पहिल्या बोटावर हळू घासला जात होता.

धागा तुटलाय. जोडतोय. थांब जरा.

ती थांबली. खोलीत चाळीस माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही हे कळलं नाही.

टॉलर कप-बशी हातात घेऊन पहिल्या खुर्चीपाशी गेला. संहितेत असं काही नव्हतं. त्याने बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, घाई न करता, एखादा म्हातारा फळवाला पेरू निवडतो तसं. मग दुसऱ्या खुर्चीपाशी. तो खरंच शोधत होता. सातही जणांनी संहिता वाचलेली, आपण काय केलंय आणि काय नाही ते प्रत्येकाला पाठ. तरी तिसऱ्या खुर्चीवरच्या पोक्त नटाने घाम पुसला, आणि चौथीवरच्या बाईंनी, ज्यांना राणीसमोर नाटक केल्याचा मोठा अभिमान होता, पर्स छातीशी धरली. कुणी खोकलं नाही. बाहेर पाऊस चालू होता आणि प्रत्येक थेंब ऐकू येत होता.

पाचव्या खुर्चीपाशी तो उभा राहिला. टॅम्सिनकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. या मुलीला आपण कुठेतरी पाहिलंय आणि आता आठवेलच, अशी एक दुखरी माया होती फक्त. टॅम्सिनने तोंड उघडलं. तिने थांबायला हवं होतं, अजून तिचं नाव आलं नव्हतं. तिला थांबता आलं नाही.

"मला तसं करायचं नव्हतं हो," ती म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून खरंखुरं रडू लागली. सकाळपासून घोकलेलं ते रडणं नव्हतं.

टॉलरने कप बशीत ठेवला.

"माहीत आहे," तो म्हणाला. उरलेल्या अर्ध्या पानाऐवजी तेवढंच.

एनिड जागच्या जागी बसून होती. या धंद्यात तिने शेकडो खुनी पकडलेले पाहिले, सगळे ठरवून. आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांदेखत एका माणसाने, हातात काहीच नसताना, खरोखर खुनी शोधून काढला होता.

बराच वेळ ज्युलियनच्या तोंडून 'कट' निघेना. निघाल्यावर वायरमन टाळ्या वाजवू लागले, जे ते कधीही करत नाहीत. मग ज्युलियनने डोळे पुसले आणि दिग्दर्शकाला सुचायचं तेच त्याला सुचलं.

"एकदम सुंदर. साहेब, फक्त खबरदारी म्हणून बाजूने एकदा घेऊ या? एनिड, कप कुठल्या शब्दावर ठेवला?"

रेज खिडकीपाशी उभा होता. त्याने खुर्चीची पाठ धरलेली एनिडने पाहिली. पुन्हा करणं त्याला शक्य नव्हतं.

तिने मांडीवरच्या पानाकडे पाहिलं. खोटं बोलायची तिची तयारी होती, आयुष्यात पहिल्यांदा. पण त्याची गरज पडली नाही. 'त्या व्यक्तीचं नाव' नंतर पान कोरं होतं. कुठल्या खुर्चीपाशी किती थांबला, कप कुठल्या हातात, काहीच नव्हतं.

"लिहिलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे काही नाही. माझी चूक."

एनिडची चूक ही गोष्ट इतकी नवी होती, की ज्युलियन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने घड्याळ पाहिलं, खिडकीबाहेरचा उतरता उजेड पाहिला. "जाऊ दे," तो म्हणाला. "जुळवणार तरी कशाशी. आहे ते राहू दे."

अंगणात जनरेटर धडधडत होता. रेज कोट चढवून गाडीची वाट बघत होता. एनिड शेजारी जाऊन उभी राहिली तेव्हा तो ओठांनीच बोलला, आवाज न काढता, त्यांच्या आया बोलायच्या तसा.

'कप कुठल्या शब्दावर ठेवला मी?'

'खरंच माहीत नाही.'

'बावीस वर्षं कप बघत होतीस. आज माझ्याकडे बघितलंस?'

'बघितलं.'

'कसा होतो?'

बावीस वर्षांत त्याने हे तिला कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं. ते तिचं काम नव्हतं. आता तिला खूप काही म्हणायचं होतं.

'मी पेन्सिल विसरले,' तिचे ओठ म्हणाले.

तो हसला, मान खाली घालून, लाजल्यासारखा. गाडी फाटकातून आत आली. दारापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि तिच्या कानाशी वाकला.

"एनिड, तिचं नाव काय होतं गं? त्या मुलीचं?"

"पील," ती म्हणाली. "कॉन्स्टन्स पील."

"पील," तो म्हणाला. आणखी एकदा म्हणाला, आणि अंगठा बोटावर घासत गाडीत जाऊन बसला.