ज्याचं बेट त्याच्या हाती

"सूचनेत 'तांत्रिक कारणांमुळे' एवढंच लिहा. लोक वाचतील आणि विसरून जातील," मॅनेजर म्हणाला.

"पण साहेब, या खेळाचं तंत्र म्हणजे मी. आणि मी तर ठणठणीत आहे," ती म्हणाली.

मॅनेजरला हसू आलं, ते त्याने चहाच्या कपाआड लपवलं. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला निरोप खाली पोहोचवायचा, एवढंच त्याचं काम. आजचा निरोप असा होता, की बेटांचा खेळ महिनाअखेरीस बंद. कंपनीच्या ज्या सर्व्हरवर तो चालायचा तो बंद होणार, आणि त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं सजवलेली बेटंही त्याच्याबरोबर जाणार.

हा खेळ तिच्या हातचा होता. सुरुवातीला चांगली सहा-सात जणांची टोळी होती. एकेक जण दुसऱ्या नोकऱ्या धरून गेला आणि शेवटी ती एकटी उरली. खेळात कुणी मरत नसे, कुणी जिंकत नसे. प्रत्येकाला एक ओसाड बेट मिळे. तिथे झाडं लावायची, धक्का बांधायचा, होडी काढून शेजाऱ्याच्या बेटावर जाऊन यायचं. खेळणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरंही तीच द्यायची. एकदा तिने कुणाला तरी लिहिलं, 'बाळा, आधी होडी नीट बांध, मग झाडावर चढ.' तेव्हापासून सगळे तिला मावशी म्हणायला लागले. पुढे ऑफिसातही तेच नाव पडलं.

"सोमवारपासून नव्या खेळाची आखणी सुरू होतेय," मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला, "प्रमुख तुम्हीच. जुन्याला काय कवटाळून बसता?"

प्रमुखपदाची ती कधीपासून वाट बघत होती. तरी घरी जाताना तिला आनंद झाला नाही.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. जेवणं झाल्यावर तो कुणाच्या तरी फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे लोकांनी विकत घेतलेली वस्तू तुम्ही काढून घेणार?"

"काढून नाही घेत हो. ती चालेनाशी होईल."

"माझं दुकान उद्या बंद पडलं तर गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा जात नाही. तुमचं भलतंच आहे बुवा."

तिने भांडी जरा जास्तच आपटत घासली. राग नवऱ्याचा नव्हता. उत्तर सापडत नव्हतं, त्याचा होता.

सकाळी ती सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली. "खेळ कंपनीशिवाय चालेल असा करून देते. ज्याचं बेट त्याच्या संगणकावर. महिनाअखेरीपर्यंत वेळ द्या."

"नवं काम थांबणार नाही, मावशी. मग ते दाढीवाल्याकडे द्यावं लागेल."

"द्या."

दाढीवाला तिच्या शेजारच्या टेबलावर बसे. अर्धं काम त्याने तिच्याकडे बघूनच उचललं होतं. आता त्याच्या हाताखाली राहायचं. पण शब्द तिने परत घेतला नाही.

सूचना तिने स्वतः लिहिली. खेळ बंद होतोय, कारण कंपनीला त्यातून काही सुटत नाही. मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण खोडलं नाही.

मग खेळणाऱ्यांच्या शिव्या सुरू झाल्या. सगळ्यात जहरी लिहिलं ते दीपगृहने. हे एका बाईंचं खेळातलं नाव. बाई निवृत्त नर्स होत्या आणि त्यांच्या बेटावर एक उंच दीपगृह होतं. 'मावशी, गोड बोलून लळा लावलात, आता दार लावून घेताय. तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी.'

मावशीने ते वाचलं, उठून घोटभर पाणी घेतलं, आणि उत्तर लिहिलं: 'तुमचा राग बरोबर आहे. बेट तुमच्या हातात द्यायचा प्रयत्न करतेय. किती जमलं ते दर शुक्रवारी इथेच सांगेन.'

आणि सांगत राहिली. जमलं नाही तेही सांगितलं. एका शुक्रवारी तिने लिहिलं, 'झाडं आली, पण उलटी. मुळं आभाळात.' त्या दिवशी पहिल्यांदा लोक तिच्याबरोबर हसले. कुणी लिहिलं, 'राहू द्या तशीच, चढावं तरी लागणार नाही.'

झाडं सुलटी झाली. धक्के, घरं, दिवे जागेवर आले. अडलं ते होड्यांवर. सर्व्हर नसला की शेजारी नाही. होडी धक्क्यावरून सुटायची आणि थोड्याच अंतरावर समुद्र संपायचा.

दाढीवाला मागे येऊन उभा राहिला. "मावशी, खोटे शेजारी सोड ना दोन-चार. येतील, हात हलवतील, जातील. कुणाला कळतंय?"

एका दुपारचं काम होतं. तिने कीबोर्डकडे हात नेला आणि मागे घेतला. दीपगृहच्या धक्क्याला रोज एक बाई होडी लावायच्या, हे तिला ठाऊक होतं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण एकीच्या आजारपणात दुसरी तिच्या बागेला पाणी घालून जायची.

"त्या शेजारणीच्या जागी मी बाहुली बसवू?" ती म्हणाली. "नाही रे. नाही जमत ते नाही जमत. तसंच सांगायचं."

तिने सांगितलं. बेट राहील, येणं-जाणं राहणार नाही. ज्यांना ओळख टिकवायची आहे त्यांनी आत्ताच एकमेकांचे पत्ते घ्या. तिला वाटलं होतं, लोक पुन्हा आग पाखडतील. दिवसभर दीपगृहकडून काहीच आलं नाही. संध्याकाळी एक ओळ आली: 'सांगितलंत ते बरं केलंत.'

शेवटच्या दुपारी, बेटं ज्याच्या त्याच्या संगणकावर पोहोचल्यावर, सगळ्या होड्या दीपगृहच्या बेटाभोवती जमल्या. धक्का पुरेना, तेव्हा लोकांनी होड्यांना होड्या बांधल्या. मावशी ऑफिसातून बघत होती. मॅनेजरही येऊन उभा राहिला, नुसता, हाताची घडी घालून.

"बंद करायला माणूस पाठवू?"

"नको. मीच करते."

एकेक होडी सुटून निघाली. शेवटची दिसेनाशी झाल्यावर तिने सर्व्हर बंद केला. त्याच्या पंख्याची घरघर थांबली. इतकी वर्षं तो आवाज चालू होता हे तिला आत्ता कळलं.

थोड्या वेळाने ईमेलवर दीपगृहचा निरोप आला. 'बेट उघडलं. झाडं सुलटी आहेत. धक्का रिकामा आहे, पण माझा आहे.'

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि निरोप पुन्हा वाचला.

त्यानंतरच्या सोमवारी ती वेळेवर आली. स्वतःची खुर्ची ओढत दाढीवाल्याच्या टेबलाशी नेली. तो अवघडून उभा राहिला.

"बस रे, बस. प्रमुख तू आहेस. सांग, काय करू?"

"मावशी... आखणी झाली, पण लिहायला कुठून सुरुवात करायची, तूच सांग ना."

तिने कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. "खेळणाऱ्याचं जे काही असेल ते त्याच्याकडेच राहील, आधी ती सोय. मी आज तीच लिहायला घेते," ती म्हणाली. "बाकीचं मग बघू."