ब्रेक लागतो का, हे विचारायचं नाही!

गाडीवाल्या काकांना घरात काहीही विचारायची मुभा होती, फक्त त्यांच्या गाडीबद्दल सोडून. "पेट्रोल आहे ना?" एवढं म्हटलं तरी ते नाक मुरडायचे. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही!" की मग दिवसभर अबोला. मंडळी, हसू नका, असा एखादा विषय आपल्याही घरी असतोच.

गाडी त्यांच्या वडिलांच्या काळातली, लोण्याच्या रंगाची. तिला तोरा भरपूर होता, ब्रेक मात्र मनात आलं तरच लागायचे. लेक बाळंत झाली आणि काकांनी जाहीर केलं, "नात दवाखान्यातून घरी येईल ती याच गाडीतून!" त्यासाठी पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून नवे डिस्क ब्रेक बसवायचं काम त्यांनी घरीच काढलं.

काम नेटकं झालं. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा तेवढी काढायची राहिली. त्याला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरवरचा, म्हणजे ब्रेकची चकती आवळणाऱ्या जबड्यावरचा, स्क्रू सैल करायचा. नाइलाजाने काकूंना बोलावणं गेलं. काकू नर्स, त्या दिवशी रजेवर होत्या.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! आता सोड!"

सकाळभर हेच. ब्रेक ऑइलचा डबा संपत आला, पण पेडल कडक होईना.

"अहो, पाय पार तळाला जातोय," काकू म्हणाल्या.

"नवे ब्रेक मऊच असतात."

"आणि हवा वर चढते ना? मग ती सोडायचा स्क्रू खालच्या अंगाला कसा?"

झालं! काकांचा पारा चढला. "आता तू मला गाडी शिकव! विश्वासच नाही ना? थांब, दाखवतोच." तरातरा जाऊन ते गाडीत बसले आणि गाडी अंगणात काढली.

गाडी दिमाखात निघाली. काकांनी ब्रेक दाबला. गाडी तितक्याच दिमाखात चालत राहिली! "थांबते गं, थांबते!" असं ओरडत काकांनी हँडब्रेक ओढेपर्यंत ती कपड्यांच्या दोरीत घुसली. काचेवर काकांचीच पट्ट्यापट्ट्यांची चड्डी येऊन पसरली. पुढचं काही दिसेना. मग कशावर तरी आपटून गाडी थांबली.

काका उतरले. ऊन लागावं म्हणून अंगणात ठेवलेली नातीची नवी कोरी बाबागाडी भिंतीशी आडवी झाली होती. एक चाक पार वाकलं होतं.

रिकामी होती म्हणून बरं! ते मटकन पायरीवर बसले.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. शेजारी बसून म्हणाल्या, "वॉर्डात मी भरलेलं इंजेक्शन दुसरी सिस्टर तपासते, मगच मी ते देते. मी काही रुसून बसत नाही. चूक माझ्याही हातून होऊ शकते की! मी तुमच्यावर संशय नव्हता हो घेतला. ब्रेकवर घेतला होता."

काका उठले, चाकापाशी वाकले आणि कपाळावर हात मारला. "अगं, उजव्या चाकाचा कॅलिपर डावीकडे बसवलाय, डाव्याचा उजवीकडे! म्हणून स्क्रू खाली गेला आणि हवा वरच अडकली!"

दोघांनी मिळून अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली. या वेळी काकूंच्या पायाखाली पेडल दगडासारखं कडक झालं. काकांनी तरीही गल्लीत चार चकरा मारून दर वेळी गाडी थांबवून पाहिली.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारात लेक बाळाला घेऊन उभी राहिली. गाडीकडे बघत म्हणाली, "बाबा, ब्रेक..." आणि एकदम जीभ चावली. लहानपणापासूनची सवय!

आपल्याच लेकीला आपण इतकं भिववलं? काकांचे डोळे भरून आले.

"विचार ना बाळा, पूर्ण विचार! आणि हिलाही विचारायला शिकव. तुझ्या आईने विचारलं म्हणूनच आज ब्रेक लागतोय."

बंधुभगिनींनो, घरात असो वा कचेरीत, कुणी प्रश्न विचारला की आपण लगेच फणा काढतो. तेवढं सोडून देऊ या. विचारणारं माणूस आपल्याच गाडीत बसणार असतं, त्याला नीट उत्तर द्यावं!