बंगई काहून थांबवली?

मी एक जुनी बंगई आहे. मित्रांनो, तुमच्याकडे मला झोपाळा म्हणत असतील. सागाची रुंद फळी आणि लोखंडी साखळ्या, एवढाच माझा संसार. कुरकुरणं हा माझा स्वभाव आणि संशय घेणं ही खोड. जिचं सारं आयुष्य अधांतरी लटकण्यात गेलं, तिने कोणावर विश्वास ठेवावा, तुम्हीच सांगा.

माझा जन्म बार्शीटाकळीचा. भगवंत सुतार मला रंधा मारत होते, तेव्हाही 'हा मला तासून तासून संपवतो की काय' अशी शंका मला आली होती. पण वामनरावांच्या घरी टांगली गेले आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. वामनराव भलते बोलके. वावरातून आले की तान्ह्या अमोलला मांडीवर घेऊन माझ्यावर बसत आणि बैलाने काय खोडी केली, आभाळ कुठून भरून आलं, सगळं त्याला सांगत. त्या लेकराला काय कळायचं? पण ते त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि हुंकार देई. अमोल चालायच्या आधी बोलायला लागला. गावातले म्हणत, "पोट्ट्याले बोलतं कराचं असंन तं वामनरावच्या बंगईवर बसवा." खरं सांगते, तेव्हा मी गर्वाने दोन झोके जास्त घेत असे.

पुढे अमोल मोठा झाला, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात लागला, त्याने अमरावतीत घर बांधलं. एकटे पडलेले वामनराव त्याच्याकडे राहायला आले आणि टेम्पोत आडवी पडून मीही आले. बैठकीत मला टांगलं खरं, पण समोरचा सोफा पहिल्या दिवसापासून माझ्या जागेवर डोळा ठेवून होता. एकदा सूनबाई, आकांक्षा, माझ्या कड्यांकडे बघून म्हणाली, "ही काढली तर इथे टीव्ही छान बसेल." तेव्हापासून घरात कोणी पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतला की माझ्या साखळ्या गार पडत.

मग पायल जन्मली. वामनरावांनी तिला मांडीवर घेतलं आणि जुनी गाडी रुळावर आली. "काय वं माये, काय पाह्यतं? थे चिमणी हाये, दाणे खाऊन राह्यली." आकांक्षा स्वयंपाकघरातून धावत आली.

"बाबा, तिच्यासमोर असं नका ना बोलू. उद्या शाळेत हसतील तिला."

आकांक्षा स्वतः धामणगाव रेल्वे या वऱ्हाडातल्याच गावची. पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिच्या तोंडून 'गं'ऐवजी 'वं' निघाला की मैत्रिणी तिची नक्कल करत. हे तिने एकदा माझ्यावरच बसून अमोलला रडत सांगितलं होतं. लेकीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण वामनरावांना दुसरी बोली येते कुठे? त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. आकांक्षा आणि अमोल दिवसभर कामावर. घरात राहिले मुके आजोबा आणि मोबाईल. मोबाईल दाखवला की पायल गपगप जेवायची. तिने बोट दाखवलं की पाणी, बोट दाखवलं की बिस्कीट. मला त्या मोबाईलचा पहिल्यापासून संशय होता, मित्रांनो. एवढं बोलतो, पण समोरच्याचं कधी ऐकून घेत नाही!

पायल तिसऱ्या वर्षात गेली तरी 'अं अं'च्या पुढे सरकेना. शेजारीण पोपटाने टोचलेला पेरू घेऊन आली आणि म्हणाली, "हे उष्टं चारा, चुरुचुरु बोलते." पेरू खाऊन झाला, बोल काही फुटला नाही. कोणी म्हणालं, बापही उशिराच बोलला असेल. मी जोरात कुरकुरले, पण माझी साक्ष कोण काढतो? रात्री आकांक्षा निजलेल्या पायलच्या केसांतून हात फिरवत बसे. ही मला कधी आई म्हणेल का, हीच एक भीती तिच्या तोंडावर दिसे.

शेवटी अकोल्याहून नगमा मॅडम आल्या. मुलांना बोलायला शिकवणं हेच त्यांचं काम. मला त्यांचं लक्षण ठीक दिसेना. सोफा सोडून त्या खाली बसल्या आणि सारखं माझ्याकडे बघत होत्या. पायलचे कान तपासलेले होते, त्यात काही दोष नव्हता. त्यांनी विचारलं, "दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

आकांक्षाने वामनरावांकडे बघितलं, तशा मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"बाबाजी, तुमी काहून गप? कोणी मना केलं का तुमाले?"

वामनराव खाली बघत म्हणाले, "माही बोली गावठी हाये न, मॅडम."

"माह्या घरी उर्दू बी चालते अन् वऱ्हाडी बी. लेकराले कोणतीबी चालते, पण बोली कानावर तं पडली पाह्यजे! जे करता ते सांगत जा. मोबाईल उचलून ठेवा. अन् तिनं बोट दाखवल्याबरोबर देऊ नका, जरा थांबा. तिच्या तोंडाकडे पाहा." मग त्यांनी माझी साखळी धरली आणि मला गच्च थांबवलं. "हे बी थांबवा."

संपलं, मी म्हटलं. आता मला उतरवणार.

दुसऱ्या दिवसापासून वामनराव पायलला घेऊन बसू लागले. "चाल वं बंगई, चाल!" म्हणत झोका देत आणि ऐन रंगात जमिनीला पाय टेकवून मला थांबवत. पायल साखळी ओढी, बोट दाखवी, भोकाड पसरी. ते तिच्याकडे बघत नुसते बसत. माझ्याशिवाय राहायची सवय करताहेत, अशी माझी पक्की खात्री झाली. एका रविवारी तिचं रडणं ऐकून आकांक्षा कणकेच्या हातांनीच बाहेर आली. "द्या ना बाबा झोका! किती रडवता?" वामनरावांचेही डोळे भरले होते, पण पाय हलला नाही. पायल रडता रडता थांबली. तिने आजोबांच्या ओठांकडे बघितलं. आणि म्हणाली,

"चा वं!"

वामनरावांनी असा झोका दिला की माझी कडी न् कडी वाजली. आकांक्षा तिथेच खाली बसली. ज्या 'वं'ने तिला रडवलं होतं, तोच तिच्या लेकीच्या तोंडातला पहिला बोल झाला होता. कणकेच्या हातांनी तिने पायलचं तोंड धरलं. "अजून एक डाव म्हण वं माये! म्हण न वं!"

त्या संध्याकाळी अमोल हातात काहीतरी घेऊन माझ्या कड्यांकडे चढला. मी जीव मुठीत धरला. तेलाची कुपी होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल द्या. आणि घरातल्या लेकराशी आपल्या रोजच्या बोलीत बोला, मग थोडं थांबा, त्याचीही पाळी येऊ द्या. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. सोफ्यावर माझी अजून नजर आहे. पण हल्ली मी कुरकुरले की पायल माझ्या फळीवर चापट मारते आणि म्हणते, "चूप वं बंगई, मी बोलून राह्यली न!"

आणि मी चूप बसते.