उष्टी हळद

सोलापुरात लष्कर उतरलं आणि गल्लीत लग्नांचा सपाटा सुरू झाला. सन तीसचा तो वैशाख. नाक्यानाक्यावर संगिनी, अंधार पडल्यावर घराबाहेर पाय टाकायची चोरी, वाजंत्र्याचं तर नावच नको. तरी ज्याच्या घरी पोर, तो उरकायच्या मागं. सोजीर फिरतायत, तरणी पोर घरात ठेवायची कशी? चौदाच्या आतलीचं लग्न लावाल तर खबरदार, असा कायदा त्याच साली आलेला. पण सरकार गांधीटोपीवाले धरण्यात गुंतलेलं, पोरींकडं बघतंय कोण!

मुक्ताबाईच्या गोदावरीचं तसलं घाईचं नव्हतं. बार्शीच्या कुंडलिकाशी दिवाळीतच ठरलेलं. त्याच्या बहिणी लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची उष्टी हळद घेऊन आल्या, गोदीला लागली. दुसऱ्या दिवशी नवरदेव ठेसनावर उतरला तो डोक्यावर पांढरी टोपी घालून. सोजीर काढ म्हणाले, त्यानं काढली नाही. उचलला आणि सहा महिने सक्तमजुरीला धाडला.

‘हळदीची पोर अशीच ठिऊ व्हय घरात?’ मुक्ताबाईचा नवरा कोंडीबा तडकला आणि गिरणीतल्या रावजी मुकादमाला शब्द देऊन आला. रावजी चाळिशीचा, दोन बायका बाळंतपणात घालवून बसलेला. मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती भांडली, उपाशी राहिली, पण कोंडीबा ढिम्म. मग लग्नादिवशी पहाटे तिनं घरातली होती नव्हती ती हळद, हळकुंडांसकट, चुलीत घातली. बाजार बंदच होता.

रावजी पाटावर बसला. त्याची आई बजाबाई म्हणाली, ‘बाजार बंद, आमच्याकडं न्हाई. आणा की तुमची हळद.’

मुक्ताबाईनं कोनाड्यात राखून ठेवलेली बार्शीची वाटी पुढं केली. ‘एवढीच हाय बगा. आदी कुंडलिकला लागली, मग गोदीला. तुमच्या ल्योकाला बायकूची उष्टी चालंल का?’

बाप्या माणसानं बायकोची उष्टी हळद लावून घ्यायची? बजाबाईचं तोंड लालबुंद झालं. ‘ऊठ रं रावजी!’ ती कडाडली.

सुटली पोर! मुक्ताबाईनं श्वास सोडला, तेवढ्यात शेजारची विधवा रंभाबाई, भोळी बिचारी, ओरडली, ‘अवं, जाऊ नगा! माज्याकडं हाय की हळद!’ आणि तिची शकुंतला परकर सावरत वाटी घेऊन धावत आली. तेरा वर्षांचं लेकरू.

बजाबाईनं वाटीकडं पाहिलं. मग पोरीकडं पाहिलं.

‘कुणाची गं तू?’

दिवस मावळायच्या आत, त्याच मांडवात, शकीचं लग्न लागलं. मुकादम जावई, हुंडा नाही, बाहेर सोजीर. रंभाबाईनं आणखी काय बघायचं? मुक्ताबाई आडवी पडली, घसा फुटेस्तोवर ओरडली. रंभाबाईच तिच्यावर उलटली, ‘सोताची वाचीवलीस, आन माज्या लेकीचं मोडतीस व्हय?’

तुळशीचं लग्न झालं आणि कुंडलिक सुटून आला. पुन्हा मांडव पडला, गोदीसाठी. गोदी हसत होती, आणि आत जात्यावर हळद दळायला बसली होती शकी. पाचवा महिना, पाय सुजलेले, ओठ पांढरे पडलेले. दोन फेरे ओढले की थांबायची. ‘काकी, मला लई दम लागतूया,’ म्हणाली. मुक्ताबाईनं तिच्या हातातून खुंटा काढून घेतला आणि तिला भिंतीला टेकवून बसवलं.

रावजी मांडवात पान चघळत होता. मोठ्यानं हसून म्हणाला, ‘काय मुक्ताबाई, आज तरी हाय का हळद?’

तिनं जात्याभोवतीची हळद मुठीत भरली आणि भरल्या मांडवात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘हाय की! ह्या लेकराला कायबी झालं ना रावज्या, तर चौथ्या बायकूची हळद म्या तुज्या तिरडीवर उधळीन!’

कोंडीबा धावला, तिचं मनगट धरलं, पिरगाळलं. मूठ काही तिनं सोडली नाही.