न झालेल्या स्किटचं परीक्षण

एकवीस वर्षं मी दर रविवारी लोकांना सांगत आलेय, की काल रात्री टीव्हीवर ‘लास्ट फेरी’ बघताना त्यांना कुठे हसू यायला हवं होतं आणि कुठे नको. शनिवारी रात्री साडेअकरा ते एक, सगळं थेट, चुकलं तर चुकलं. आठ-नऊ स्किट, मध्ये दोन गाणी, शेवटी सगळे स्टेजवर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी प्रत्येक स्किटला दहापैकी गुण देते. सात क्वचित. नऊ आजवर चारदा. लोक मला खडूस म्हणतात, ते खरंच आहे. माझी आईसुद्धा म्हणायची, आणि तिने तर माझं एकही परीक्षण वाचलं नव्हतं.

वॉल्टर नोव्हॉटनीचा पहिला मेल ऑक्टोबरात आला. सीडर रॅपिड्सहून, तिकडे आयोवात. ‘रोंडा लुपो यांस, आपण लिहिलंय की हॉस्पिटलच्या स्किटमध्ये पाच जण होते. सहा होते. डावीकडे, सलाइनच्या खांबामागे नर्स उभी होती. ती माझी मुलगी कॉरीन.’ मी चिडून रेकॉर्डिंग काढलं, हा कोण दीडशहाणा म्हणून. खांबामागे खरंच नर्स होती. निम्मा चेहरा दिसत होता. मी एका ओळीत उत्तर पाठवलं: तुम्ही बरोबर, मी चुकले.

मग दर रविवारी सकाळी सातला त्याचा मेल यायलाच लागला. कॉरीन त्या वर्षी नवीन होती आणि नव्यांना काय मिळतं ते मला ठाऊक आहे. ती प्रेत झाली, झाड झाली, गाईचा मागचा अर्धा भाग झाली. मला ती कधी दिसायची, कधी नाही. म्हाताऱ्याला दर वेळी दिसायची. चष्म्याचा नंबर विचारून घ्यावा असं वाटायचं. मी नाक मुरडत रेकॉर्डिंग काढायची आणि मुकाट्याने लिहायची, तुम्ही बरोबर, मी चुकले. एकवीस वर्षांत मी नवऱ्याला कधी हे म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो अजून घरात असता, असं माझ्या बहिणीचं मत आहे.

जानेवारीत कळलं की माझी ती एक ओळ तो छापून फ्रिजवर लावतो. त्यानेच लिहिलं. अठ्ठ्याहत्तर वय, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. मधे दोनदा गॅस चालू राहिला, एकदा गाडी घेऊन निघाला आणि भलत्याच गावात जाऊन थांबला. डॉक्टरने तपासलं आणि स्मरणशक्ती चाललीय म्हणाला. मोठा मुलगा डेल गावातच असतो, त्याला बापाला वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. म्हातारा अडून बसला. शेवटी बापलेकांत करार झाला: रविवारी डेल जेवायला येईल, तेव्हा वॉल्टरने काल रात्रीचा सगळा कार्यक्रम सांगायचा, कोण कुठे होतं, काय बोललं. जोवर सांगता येतंय तोवर वृद्धाश्रमाचा विषय काढायचा नाही. ‘आणि मी डेलला तुमचा कागद दाखवतो,’ त्याने लिहिलं होतं. ‘न्यू यॉर्कची बाई, हेच तिचं काम, तिला दिसत नाही ते मला दिसतं. मग बोलतो का तो?’

मी त्या दिवशी उत्तर जरा मोठं लिहिलं. चार ओळी. माझ्या मानाने ते प्रेमपत्रच.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगते, ती आम्ही बाहेर फारशी बोलत नाही. थेट कार्यक्रमाच्या आधी, आठ वाजता, त्याच स्टुडिओत त्याची रंगीत तालीम होते, प्रेक्षक बसवून. तालमीत तीन-चार स्किट जास्त असतात. जे पडतं ते मधल्या तासाभरात काढून टाकतात. परीक्षणं लिहिणारे आम्ही सगळे कसंबसं तालमीला शिरतो आणि तिथेच निम्मं परीक्षण लिहून काढतो, कारण एक वाजून पाच मिनिटांनी ज्याचं आलं त्याचं लोक वाचतात, आणि सव्वाला आलं तर त्याची आईसुद्धा वाचत नाही. नियम एवढाच, की मग घरी बसून खरा कार्यक्रम शेवटपर्यंत बघायचा, लिहिलेलं ताडून घ्यायचं आणि गळाभेटी झाल्यावरच बटण दाबायचं. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवते. डोळे वटारून शिकवते.

मार्चमधल्या त्या शनिवारी तालमीत शेवटचं स्किट कॉरीनचं होतं. तिने स्वतः लिहिलेलं. बस ड्रायव्हर, निवृत्तीचा दिवस, शेवटचा थांबा. तो दार उघडायलाच तयार नाही, कारण दार उघडलं की नोकरी संपली. मुलं आत बसून मोठी होतात, त्यांना मिशा येतात, एकीचं लग्न लागतं, आणि हा कानटोपी घालून आरशात बघत म्हणतो, मला मागचं सगळं दिसतंय हं. कॉरीन बापाचंच सोंग वठवत होती आणि मी त्या बापाला कधी पाहिलेलं नसताना तिसऱ्या मिनिटाला ओळखलं. लोक उभे राहिले. मी उभी राहिले. मी, जी राष्ट्रगीतालाही गुडघ्यांचं कारण सांगते.

घरी, अ‍ॅस्टोरियाला, येऊन त्यावर लिहिलं. इतकं मनापासून मी दहा वर्षांत लिहिलं नव्हतं. नऊ गुण दिले, कानटोपीबद्दल लिहिलं, दाराच्या दांड्यावरच्या तिच्या हाताबद्दल लिहिलं, उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांबद्दल लिहिलं. मग कार्यक्रम लावला. सगळं तालमीसारखंच चाललं होतं, थोडं लांबत होतं. दुसरं गाणं सुरू झालं आणि मी घड्याळ पाहिलं, बारा पन्नास. पुढे काय आहे ते मला माहीत होतं. पाहिलेलं पुन्हा काय बघायचं? त्या गाढव टॉडला, माझ्या संपादकाला, एकदा तरी सगळ्यांच्या आधी देऊन दाखवावं असं वाटलं. आणि खरं सांगू, सकाळी वॉल्टर ते वाचेल याचीच मला जास्त घाई झाली होती. मी बटण दाबलं, टीव्ही बंद केला आणि झोपले. छान झोप लागली.

गाणं लांबलं. शेवटचं स्किट वेळेअभावी कापलं. ते कुणाला दिसलंच नाही.

सकाळी नऊला टॉडच्या फोनने जाग आली. तो ओरडला नाही, त्याने फक्त विचारलं, “रोंडा, तू काल कुठला चॅनेल बघत होतीस?” तोवर चारशे लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं होतं. तो परिच्छेद काढला, खाली माफी टाकली. दिवसभर माझ्या लेखाचा फोटो इकडून तिकडे फिरत राहिला. मला वाटलं, झाली तेवढी शोभा पुरे, याहून वाईट काय व्हायचंय. त्या दिवशी वॉल्टरचा मेल आला नाही. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, इतकी मी माझ्याच अब्रूचं घेऊन बसले होते.

गुरुवारी दुपारी कॉरीनचा फोन आला. आधी मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती शिव्या देत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. तिने क्रमाने सांगितलं.

शनिवारी रात्री बाप जागा होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुलगी दिसली नाही. सकाळी सहाला त्याने नेहमीप्रमाणे माझं परीक्षण छापलं आणि त्यात वाचलं की तिने बस ड्रायव्हर केला, खुद्द त्यालाच केला, लोक उभे राहिले. त्याला त्यातलं काहीच आठवेना. दुपारी कॉरीनने फोन केला. स्किट कापल्यामुळे ती आदल्या रात्रभर रडलेली, बापाला सांगून मन हलकं करावं म्हणून केला. तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, किती छान केलंस गं, ती कानटोपी, तो दाराचा दांडा, लोक कसे उभे राहिले. आपण विसरलो हे पोरीला कळू नये म्हणून बिचाऱ्याने माझे शब्द पाठ केले होते. आणि पोरीने ऐकलं ते एवढंच, की जे टीव्हीवर लागलंच नाही ते बापाने पाहिलंय. तिला वाटलं, संपलं. ती म्हणाली, थँक यू, पप्पा. फोन ठेवला आणि डेलला लावला.

“मीच डेलला म्हटलं की आता थांबू नकोस,” कॉरीन म्हणाली. “पप्पांनी मंगळवारी वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही केली. एका शब्दाने भांडले नाहीत. म्हणाले, डेलचं बरोबर आहे. मला आज इथे ऑफिसात कुणीतरी गंमत म्हणून तुमच्या लेखाचा फोटो दाखवला.”

मी काहीतरी बोलायला गेले. तिने थांबवलं.

“मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांना वाटतं मी त्यांची समजूत काढतेय. तुम्ही सांगा. तुमचं ते ऐकतील.”

तुमचं ते ऐकतील. हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर परवडलं असतं.

शनिवारी चारला डेल ट्रक घेऊन येणार होता. मी शुक्रवारी चारदा नंबर फिरवला आणि चारदा ठेवला. दुसऱ्याच्या कामाला भर चव्हाट्यावर दोन गुण देताना माझा हात कधी अडला नाही, आणि एका म्हाताऱ्याला फोन करायला जीभ उचलेना. शेवटी शनिवारी सकाळी लावला. आवाज मी समजले होते त्यापेक्षा तरुण होता. मागे खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तालीम, बटण, टीव्ही बंद केला ते. म्हटलं, मिस्टर नोव्हॉटनी, तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्हाला दिसलं नाही कारण ते नव्हतंच. तुम्ही बरोबर, मी चुकले.

त्याने खोकी सरकवणं थांबवलं. मग म्हणाला, “म्हणजे मी जागा होतो.”

“हो. आणि तुम्ही सगळं पाहिलंत.”

“हे कागदावर लिहून देशील?”

“आत्ता देते. डेलला मेल करते, डॉक्टरला करते, म्हणाल त्याला करते. तुम्ही खोकी उघडायला लागा.”

तो हसला. खरंच हसला, आणि मला वाटलं, जमलं. देवा, एवढं एक जमू दे. मी कागद-पेन घेऊन डेलचा पत्ता लिहायला बसलेही.

“थांब जरा,” तो म्हणाला. “एक विचारतो. रविवारी मी पोरीशी खोटं बोललो, ते मला माहीत आहे. तुझा कागद समोर धरूनच बोललो. पण सोमवारी सकाळी दाढी करताना ते मला आठवायला लागलं. हळूहळू सगळं. आपली कॉरीन कानटोपीत. मी इतका खूश झालो म्हणून सांगू, मेंदू परत आला म्हणून. मंगळवारी तर मला आवाजसुद्धा ऐकू येत होता.”

मी पेन खाली ठेवलं.

“तू आता सांगतेस ते झालंच नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण मला ते अजून दिसतंय, रोंडा. या घडीला. मग असा माणूस एकटा राहिलेला बरा की नाही?”

मी म्हटलं, सगळ्यांचंच असं होतं, मलाही न झालेल्या गोष्टी आठवतात, माझं लग्न सुखाचं होतं असंसुद्धा कधीकधी आठवतं. तो विनोदाला हसला नाही. कुठे हसायचं ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी भांडले, विनवलं, डॉक्टरांना काय कळतंय म्हणाले. त्याचं एकच, की सही आपण कुणाच्या जबरदस्तीने केलेली नाही. दोनदा गॅस उघडा राहिला होता, ते काही तुझ्या परीक्षणात नव्हतं, असं म्हणाला. माझी चूक हलकी करायला बघत होता. त्याने खोकी बांधायची आणि वर मला धीर द्यायचा, इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

मग त्याने विचारलं, “तू तर प्रत्यक्ष पाहिलंस ना? मग सांग. सुरुवातीपासून. डेल यायला वेळ आहे अजून.”

मी सांगितलं. मला स्किट नीट सांगता येत नाही, त्यांना गुण देता येतात. तरी सांगितलं. बस थांबते ती, दार, मुलं, मिशा, लग्न. तो मधूनमधून हं म्हणत होता. लग्नाशी आल्यावर मात्र त्याला राहवेना.

“आणि पहिल्या सीटवरची ती छोटी,” तो म्हणाला, “लाल हातमोजेवाली. सगळी उतरायला बघतात, ती एकटी त्याला म्हणते, तुम्ही नका उघडू. ती होती ना?”

अशी मुलगी त्या स्किटमध्ये नव्हती. तालमीत नव्हती, माझ्या लेखात नव्हती, कुठेच नव्हती. खांबामागची नर्स मला दिसली नाही तेव्हा या माणसाने मला सोडलं नव्हतं, आणि एकवीस वर्षांत मीही कुणाला सोडलेलं नाही.

“हो,” मी म्हटलं. “होती.”

तो खूश झाला. म्हणाला, बघ, मला वाटलंच. मग त्याने माझे आभार मानले, अगदी रीतसर, आणि फ्रिजवरचे कागद काढायचे राहिलेत म्हणून फोन ठेवला.