आतेसासूची गिऱ्हाइकं

बोरसोकच्या, म्हणजे तळलेल्या कणकेच्या, चौकोनी तुकड्यातलं तेल कागदी रुमालावर उतरलं होतं आणि रुमालातून टेबलावर – पुसलं तरी जात नाही हे. आतेसासूकडून आलेलं काहीच पुसून जात नाही, सोनुनला वाटलं. रविवारच्या जेवणावळीतलं उरलंसुरलं बांधून बुरुलआत्यांनी थेट ऑफिसात पाठवलं होतं, वर निरोप – सुनेच्या तोंडीही दोन घास पडू देत. इकडे संगणकाच्या पडद्यावर एका दंतवैद्याच्या नावापुढे लाल खूण पेटलेली, तेव्हा हे घास कशासाठी, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बिश्केकमधल्या त्या बिल्डरकडे बाहेरच्या एजंटांना सांभाळायचं काम सोनुनचं. नियम सरळ. ज्या एजंटानं गिऱ्हाइकाचा नंबर प्रोग्रॅममध्ये आधी घातला, गिऱ्हाईक त्याचं, महिनाभर. महिन्यानं पुन्हा नोंदवलं नाही तर माणूस मोकळा. दुसऱ्यानं तोच नंबर घातला की लाल खूण, आणि निवाडा सोनुनकडे. या दंतवैद्याला आणि त्याच्या बायकोला एर्मेक नावाच्या एजंटानं घरं दाखवत उन्हाळाभर फिरवलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडेच हवी म्हणून बाईंनी त्याचा जीव खाल्ला होता. पण ठरायच्या आत नाव लिहिलं की दृष्ट लागते, असं त्याची आई म्हणायची, म्हणून शहाण्यानं नोंद केली आज सकाळी! आणि बुरुलआत्या? त्याही एजंटच, पण त्यांनी दंतवैद्याला भिंतसुद्धा दाखवली नव्हती. वसंतातल्या लग्नात ‘फोटो पाठवते हं’ म्हणत टेबलाभोवतीच्या प्रत्येकाचा नंबर घेतला आणि सगळी पंगत प्रोग्रॅममध्ये ओतली, वर दर महिन्याला नव्यानं नोंदवत राहिल्या. सगळं आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं... आणि त्या पंगतीत टोकाला बसून सगळ्यांना रीतीप्रमाणे अर्धा अर्धा पेला चहा कोण भरून देत होतं? मीच. नंबर घेताना ऐकत होते मी, आणि हसतही होते.

“एजे,” थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं एर्मेक दारातूनच म्हणाला, “जरा माझ्या आईचा नंबर बघता? तीसुद्धा आत्याबाईंचीच गिऱ्हाईक निघायची.”

“बस बाहेर. बघते मी.”

“बघा. घरचं माणूस आहे तुमच्या, मला कळतं.” त्यानं ते इतक्या समजूतदारपणे म्हटलं की तिला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. दंतवैद्य एर्मेकला दिला तर सासू आठवडाभर तिच्याशी भिंतीकडे बघून बोलणार, आणि तालाय – तिचा नवरा – जेवता जेवता, मान वर न करता विचारणार, आत्याशी वाकडं कशाला घेतलंस? आत्यांना दिला तर याचा उन्हाळा मातीत, आणि उद्या शहरातला प्रत्येक एजंट म्हणणार, सोनुनकडे जायचं तर सासरकडून जा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दहा वर्षं हेच... कोण कुणाचं, आधी कुणी म्हटलं, कुणाचा हक्क – लोकांची भांडणं सोडवता सोडवता माझं स्वतःचं भांडण मी कुठे ठेवलं?

तिनं आत्यांना फोन लावला.

“अगं, त्या दंतवैद्याला पाळण्यात घातलं तेव्हा मी होते,” आत्या म्हणाल्या. “तुझा एर्मेक कुठे होता?”

“आत्या, एर्मेकनं घर दाखवलं. मी त्याच्या नावावर करतेय.”

ती पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली – खाल्ल्या मिठाचे, सुनेच्या पायगुणाचे... पलीकडे आत्या नुसत्या चहा भुरकत होत्या.

“कर. दात उपटणाऱ्याचं मेलं एवढं काय. पण तुला मी सोडायची नाही.”

“मला?”

“तुझंही नाव घातलंय ना मी. दर महिन्याला न चुकता नवं करते. ती चौथ्या मजल्यावरची पूर्वेकडची दोन खोल्यांची जागा, काम बाकी आहे म्हणून तू कुणालाच दाखवू देत नाहीस. काय बाकी आहे गं? मी वर जाऊन बघून आले. नळाला पाणीसुद्धा आहे.”

सोनुननं टेबलावरचा तेलाचा डाग पुन्हा पुसायला घेतला.

“तालायला बोलले नाही मी काही. बोलणारही नाही. पण उद्या निघालीस, तर परक्या एजंटाचं पोट कशाला भरायचं? आमच्याच घरची आहेस.”

फोन ठेवल्यावर तिनं दंतवैद्य एर्मेकच्या नावावर केला. लाल खूण गेली, बाहेर एर्मेक कुणाला तरी हसत फोनवर सांगू लागला, आणि तिला काहीच सुटल्यासारखं वाटलं नाही. संताप आला तो निराळाच – म्हणजे या घरातून बाहेर पडायचं तेही यांच्याच हातून! पळून जाण्यावरसुद्धा यांचा आधीचा हक्क... एका टिचकीत स्वतःचं नाव मोकळं करता आलं असतं तिला, अधिकार होता. पण संतापाच्या खालून दुसरंच काही वर यायला लागलं. दर महिन्याला, भाजी निवडता निवडता, ती म्हातारी आठवणीनं फोन उघडत होती – सून जाईल, या महिन्यात नाही तर पुढच्या, जाईलच – ना शाप, ना रडणं, दोन खोल्या पूर्वेकडच्या, बस. आणि मी मात्र चौथ्या मजल्यावर कुलूप तपासायला म्हणून जायची, खिडकीशी उभी राहायची, आणि मनातल्या मनातही हे वाक्य पुरं करायची नाही.

आत्यांवरचा राग आता तिला शोधूनही सापडेना. त्यांनी निदान तिला गिऱ्हाईक तरी मानलं होतं. तिनं स्वतःला तेवढंही मानलं नव्हतं.