मी आगगाडीचे प्रवासी पळवले

मित्रांनो, मॉरिशसच्या दक्षिण टोकाला, उसाच्या फडाशेजारी जी निळी बस चाकांविना उभी आहे, ती मी. हल्ली माझ्या आसनांवर कोंबड्या अंडी घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला वेगळेच सांगायचे आहे.

माझा सांगाडा बोटीने आला आणि लाकडी अंग पोर्ट लुईच्या एका सुताराने बांधले. त्या काळी बेटावर आगगाडीचे राज्य होते. ऊस, टपाल, माणसे, सारे तीच वाही. आमच्या गावचे स्टेशनमास्तर एव्हारिस्त कडक इस्त्रीच्या कोटात फलाटावर उभे राहत.

माझा ड्रायव्हर ओक्ताव मोठा चलाख होता. आगगाडी येण्याआधी पाच मिनिटे तो मला स्टेशनच्या दारात उभी करी. "चला मावशी, थेट घराशी सोडतो. त्या म्हातारीच्या धुरात कशाला काळ्या होताय?" लोक हसत हसत माझ्यात चढत.

एकदा मास्तर बाहेर आले. "ओक्ताव, माझ्या दारातनं माणसं नेतोस. लाज वाटत नाही?"

"तुमच्या गाडीला जरा लवकर उठायला सांगा ना, मास्तर."

सगळे हसले. खोटे कशाला सांगू, मलाही गंमत वाटली.

काही वर्षांत आगगाडीचे डबे रिकामे धावू लागले. मग ती बंदच झाली. रूळ उखडून भंगारात गेले आणि मास्तर घरी बसले. माझे मात्र गावभर कौतुक चालले होते.

पुढे फेब्रुवारीत एक वादळ येऊन गेले. पाऊस थांबत नव्हता. मास्तर आपल्या बायकोला, क्लेमांसला, धरून थांब्यावर आले. सकाळपासून तिच्या पोटात कळा येत होत्या. डॉक्टर वरच्या शहरात होता. थांब्यावर दुसरे कोणीच नव्हते.

"दोघांसाठी बस काढली तर मालक मला फाडून खाईल," ओक्ताव म्हणाला. "आठ-दहा जण जमू द्या. तोवर गवती चहा पाजा त्यांना."

"आगगाडी एका माणसासाठीसुद्धा सुटायची रे," मास्तर हळूच म्हणाले.

दीड तास गेला. आठ माणसे जमली, तेव्हा आम्ही निघालो. शहराच्या अलीकडच्या चढावर, माझ्या मागच्या बाकावर, मास्तरांच्या मांडीवर डोके ठेवून क्लेमांस गेली.

किल्ली ओक्तावच्या खिशात होती, हे खरे. पण पळवलेल्या प्रवाशांचा तोरा माझाही होता. दुसरी वाट मीच मोडली होती.

चार दिवसांनी ओक्तावने मला मास्तरांच्या दाराशी नेले. उतरून तो मान खाली घालून उभा राहिला. "मास्तर, मला वाटलं साधी पोटदुखी असेल."

मास्तर उंबरठ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "तुला माफ करायला मला जमायचं नाही. पण उद्यापासून वेळेवर सूट."

ओक्ताव वेळेवर सुटू लागला. कित्येकदा माझ्यात चिटपाखरूही नसे. तीन महिन्यांत मालकाने त्याला काढून टाकले, आणि नवा ड्रायव्हर पुन्हा माणसे जमण्याची वाट पाहू लागला.

मित्रांनो, माझ्या काचा पुसा असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या गावची बस किंवा आगगाडी चालू आहे तोवर तिच्यातून जात राहा. आणि कधी तुमच्या हाती चाक आले, तर आधी थांब्यावरच्या माणसाचा चेहरा पाहा. बाकीची माणसे मागाहून मोजा.